टोचून निघून न जाणारा माणूस

अहो, तुम्ही गेल्यापासून पोंभुर्ण्याच्या आसपासची इतकी माणसं घरी येऊन गेली की अंगणातली माती पायांनी घट्ट झाली. जो येतो तो एकच सांगतो, डॉक्टरसाहेब कधी कोणावर रागावले नाहीत. मी मान हलवते आणि मनात म्हणते, हे कोणाबद्दल बोलताहेत? माझ्या नवऱ्याबद्दल? पहिली दोन वर्षं हा माणूस दौऱ्यावरून आला की टोपी खाटेवर अशी आपटायचा की खाटेखालची मांजर पळून जायची. तुम्ही शेजारी असता तर मला कोपर मारून गप्प केलं असतं.

गेलेल्या माणसाला देव करून टाकायची आपल्या लोकांना फार घाई असते. मला ती नाही. तुम्ही जन्मजात शांत नव्हतात. शांत झालात, माझ्या डोळ्यांदेखत झालात, आणि त्यात माझाही थोडा हात होता. हे तुम्ही असताना तुमच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर तुम्ही ते चारचौघांत सांगत सुटला असता.

आपण इथे नवे होतो तेव्हाचं आठवतं. थंडी पडली की तुम्ही गावोगाव देवीची लस टोचायला जायचात. पुढे कोतवाल जायचा, तो हाळी द्यायचा, आणि हाळी ऐकू आली की बाया पोरं काखेत मारून जंगलात पळायच्या. तुम्ही पोचायचात तेव्हा गावात म्हातारी माणसं आणि कोंबड्या. मग कोतवाल चार पोरं कुठून तरी धरून आणायचा, त्यांचे हात दाबून धरायचा आणि तुम्ही टोचायचात. ती पोरं रडत घरी गेली की आया मागच्या दारी त्यांच्या दंडाला राख चोळायच्या, लस पुसून टाकायच्या. नागपूरहून काचेच्या बारीक नळ्यांतून आलेली, ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात जपून नेलेली लस. तुम्ही घरी यायचात, टोपी आपटायचात आणि म्हणायचात, "अडाणी आहेत सगळे. मरायचं आहे यांना."

मी ताट वाढायची. मांडीवर आपली शकू असायची, वर्षाचीही नव्हती, आणि तिच्या दंडावर काही नव्हतं.

तुम्ही दर रविवारी म्हणायचात, "आज शकूला टोचून टाकू." आणि मी म्हणायची, आज नको, दात येऊन राहिले. आज नको, सर्दी आहे. आज अमावस्या आहे, सासूबाई काय म्हणतील. तुम्ही हो म्हणायचात आणि वर्तमानपत्र उघडायचात. एकदाही तुमच्या मनात आलं नाही की ही टाळते आहे. गावातल्या बाईने कारण सांगितलं की तो अडाणीपणा, आणि घरातल्या बाईने सांगितलं की ती सर्दी. यावरून मी तुम्हाला पुढे किती छळलं ते तुम्हालाच माहीत.

मग तुम्हाला एक कल्पना सुचली. बायांशी बाईने बोललं तर त्या ऐकतील, म्हणून कोसमटोल्याला जाताना तुम्ही मला आणि शकूला बैलबंडीत घालून सोबत नेलंत. नमुना म्हणूनच नेलंत, हे लपवूही नका. डॉक्टरची बायको, डॉक्टरची गुटगुटीत पोरगी. कोसमटोला जंगलातलं लहानसं गोंडांचं गाव, आणि त्या दिवशी कोतवाल पुढे गेला नव्हता म्हणून बाया घरीच होत्या. मोहाच्या झाडाखाली आम्ही बसलो. तुम्ही देवीच्या रोगाबद्दल बरंच काही बोललात. चांगलं बोललात, पण शाळा तपासायला आल्यासारखं बोललात. बाया तुमच्याकडे बघतच नव्हत्या. त्यांचं लक्ष शकूकडे होतं.

सोमी तेव्हा मला पहिल्यांदा दिसली. माझ्याच वयाची, कडेवर सुकरू, त्याच्या कमरेला काळा दोरा. तिने तुम्हाला काही विचारलं नाही. मला विचारलं.

"बाई, तुमच्या पोरीले टोचलं काय?"

तुम्ही हसून माझ्याकडे पाहिलंत, आता ही हो म्हणेल म्हणून. झबल्याची बाही वर केली असती तर खोटं बोलताच आलं नसतं, पण खरं सांगायचं तर मला खोटं बोलायचंही नव्हतं. मी म्हटलं, "नाही टोचलं."

बाया हसल्या नाहीत. त्या सरकल्या आणि त्यांनी मला जवळ जागा करून दिली. एकीने शकूला उचलून घेतलं. तुम्ही तुमची पेटी बंद केलीत, कड्या लावल्या, एक कडी नीट लागली नव्हती ती पुन्हा लावलीत. मला माझ्या त्या उत्तराची आजही लाज वाटत नाही. त्या झाडाखाली त्या दिवशी खरं बोलणारी मी एकटीच होते असं नाही, पण खरं ऐकून घ्यायची वेळ तुमच्यावर पहिल्यांदा आली होती.

परत येताना बंडीत मी तुमच्या ओरडण्याची वाट बघत होते. नाला आला, नाला गेला. मग तुम्ही विचारलंत, "काऊन?"

"काऊन म्हणजे?"

"काऊन टाळून राहिली होती इतके दिवस?"

"तुम्ही विचारलं कधी?"

मग मी सांगितलं. वरोऱ्याला माझ्या माहेरी, मी लहान असताना, देवी डॉक्टर आला होता. शाळेच्या ओसरीवर पोरांची रांग लावली आणि एकाच दातेरी चक्रीने सगळ्यांच्या दंडावर टोचत गेला. माझा धाकटा भाऊ बबन रांगेत माझ्या पुढे होता. त्याचा दंड सुजला, लाल झाला, ताप चढला आणि तो गेला. मला आईने रांगेतून ओढून नेलं होतं, म्हणून माझ्या हातावर खूण नाही, आणि लग्नात ती कोणी तपासली नाही. पुढच्या थंडीत तोच देवी डॉक्टर पुन्हा आला. माझ्या बाबांनी त्याला रस्त्यात गाठून विचारलं, तर तो हसला. म्हणाला, टोचून कोणी मरत नसतं, तुमच्या पोराचं नशीबच तसं.

मला वाटलं, तुम्हीही तेच म्हणाल, फक्त जरा सभ्य शब्दांत. तुम्ही विचारत राहिलात. सूज कुठपर्यंत चढली होती, ताप कधी आला, जखमेवर काही लावलं होतं का. आईने चुना लावला होता, हे मी सांगितलं. तुम्ही त्याचा मुद्दा करू शकला असता. नाही केलात, आणि तिथे तुम्ही मला नुसता नवरा म्हणून आवडायचात त्याहून थोडे जास्त आवडलात.

"तो कशानं गेला ते मला माहीत नाही," तुम्ही म्हणालात. "चक्री धुतली नसेल. जखमेत घाण गेली असेल. दुसरा एखादा तापही असू शकतो. मी तिथे नव्हतो. पण त्या माणसानं टोचल्यावर परत यायला पाहिजे होतं. ज्यानं टोचलं त्यानंच येऊन हात बघायला पाहिजे."

डॉक्टरने "माहीत नाही" म्हटलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मग तुम्ही नागपूरला शिकताना बघितलेल्या देवीच्या रोग्यांबद्दल सांगितलंत, थोडंच, झाडाखाली बोलला होतात त्याच्या पावही नाही. मी ऐकलं. शेवटी म्हणालात, "शकूला मी टोचीन ते तू हो म्हटल्यावर. तोवर विचारणारही नाही."

आणि खरंच विचारलं नाहीत, आणि मला तुमचा इतका राग आला. तुम्ही जबरदस्ती केली असती तर माझं काम सोपं होतं. काही बरंवाईट झालं असतं तर दोष तुमचा, मी आयुष्यभर तुम्हाला टोमणे मारायला मोकळी. तुम्ही निर्णय माझ्या पदरात टाकून निवांत झोपायला लागलात. मी भांडी घासताना विचार करायची, शकूला न्हाऊ घालताना विचार करायची. गावातल्या ज्या बायांना तुम्ही अडाणी म्हणायचात त्या हाच विचार करत असतील, हे मला तेव्हा कळलं. त्यांना रोग नको होता आणि सुईही नको होती. दोन्हींची भीती घेऊन त्या जंगलात पळत होत्या.

मी हो म्हटलं, पण अटी घालून. टोचायचं ते कोसमटोल्यात, त्याच झाडाखाली. चक्री माझ्यासमोर उकळायची. आणि खपली पडेपर्यंत तुम्ही तिथून हलायचं नाही. तुम्ही म्हणालात, "आणि दवाखाना?" मी म्हटलं, कंपाउंडर आहे की. तुम्ही हसलात. घरात बायकोला एवढी किंमत असेल तर सरकारने पगार तिलाच द्यावा, असं काहीसं म्हणालात, आणि सामान बांधलंत.

सोमीच्या सासूने आपल्याला त्यांच्या पडवीत जागा दिली, पण तिच्याही अटी होत्या. टोचलं म्हणजे घरात देवीमाय आली. दारावर कडुलिंबाचा डहाळा लागेल. वाटेवरचा माणूस आत येणार नाही. कोणी मोठ्याने बोलणार नाही. खपली पडून माय उठेपर्यंत चुलीवर फोडणी पडणार नाही. बाहेरून येणाऱ्याने, मग तो डॉक्टर का असेना, पायांवर पाणी घेऊनच पोरीजवळ जायचं. तुम्ही प्रत्येक वेळी मुकाट्याने पाय धुतलेत. मला हळूच म्हणालात, "आम्हाला कॉलेजात हेच शिकवलं. फक्त मायचं नाव घेतलं नव्हतं." मी तुम्हाला गप्प केलं, कारण मोठ्याने हसायची मनाई होती.

मग शकूला ताप आला. येणार हे तुम्ही मला सांगितलं होतं, सगळ्या बायांना सांगितलं होतं. पण तिचं अंग तापलं आणि मला बबनच दिसायला लागला. मी तुम्हाला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. सोमीची सासू, सोमी आणि आणखी चार-पाच बाया तिथेच बसल्या होत्या. त्या माझ्याकडे नाही, तुमच्याकडे बघत होत्या. तुम्ही शकूचा दंड पुन्हा बघितलात आणि म्हणालात, "ताप येणारच होता. तरी भीती वाटतेच. मलाही वाटून राहिली."

सोमीच्या सासूने मान हलवली. "डाक्टरलेबी भेव लागते," ती म्हणाली, आणि तिने जाऊन शकूसाठी पेज आणली.

शकूचा ताप उतरला. फोड धरला, सुकला, खपली पडली. तुम्ही तिचा दंड धरून म्हणालात, "लस लागली." मग बाया एकेक करत पोरं घेऊन आल्या. एकही हात कोणाला दाबून धरावा लागला नाही. काही आल्या नाहीत. तुम्ही त्यांना काही म्हटलं नाही. आणि त्यानंतर जिथे टोचलंत तिथे फोड बघायला तुम्ही परत गेलात, चिखल असो, बंडी नसो. लोक तुम्हाला ज्या शांतपणासाठी नावाजतात तो तुम्हाला या हेलपाट्यांतून आला. तीच तीच वाट तुडवणाऱ्या माणसाला ओरडायला दम उरत नाही, असं मी म्हणायची. तुम्ही म्हणायचात, परत जायचं असलं की माणूस आधीच जपून बोलतो.

न आलेल्यांत सोमी होती. तिच्याच पडवीत आपण राहिलो, तिच्याच घरची पेज शकूने खाल्ली, आणि सोमी म्हणाली, "तुमच्या पोरीले मायनं सोडलं. माह्या पोराचं कोन सांगन?" सासूने समजावलं, तरी नाही.

इथून आपलं भांडण सुरू झालं. टोचून घ्यायला घाबरलेली मीच तुमच्या मागे लागले. कोतवाल पाठवा, म्हटलं. एकदा धरा, टोचा, नंतर तीच पाया पडेल. तुम्ही म्हणायचात, "एकीला धरून टोचलं की बाकीच्यांची दारं बंद होतील." मी म्हणायची, बाकीच्याही मागून एकेक करत आल्या, आता एकच पोर उरलं आहे. तुम्ही म्हणायचात, "पुढल्या वर्षी नवी पोरं होतील ना." दर बाजाराच्या दिवशी तुम्ही वाट वाकडी करून सोमीच्या कुडाशी जाऊन बसायचात. धान कसं आहे, मोह किती पडला, सुकरू बोलतो का. तिने विषय काढला तरच लशीबद्दल बोलायचात. सुकरू तुमच्या खांद्यावर चढायचा.

पुढच्या उन्हाळ्यात कोसमटोल्यात देवी आली आणि सुकरू गेला.

तुम्ही तिथे होतात. त्याच्याजवळ बसलात, शेवटी करता येण्यासारखं काही नव्हतं तरी बसलात. "मी सांगत होतो" हे तुम्ही सोमीला म्हटलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. घरी आलात तेव्हा टोपी हातातच होती. मी तुम्हाला पाणी दिलं आणि म्हटलं, "तुमच्या चांगुलपणानं पोर गेलं."

तुम्ही म्हणालात, "असेल."

एवढंच. मला भांडायचं होतं, तुम्ही भांडला नाहीत. नंतर दोन-तीनदा मी विषय काढला, तुम्ही म्हणालात, मलाही कळत नाही. आणि या पावसाळ्यात जंगलातला ताप घेऊन घरी आलात आणि ते न कळलेलं तसंच ठेवून गेलात. मी माझं वाक्य मागे घेत नाही. सुकरूला टोचायला हवं होतं. पण तुमच्या ठिकाणी मी असते तर काय केलं असतं, हे मला सांगता येत नाही, आणि हे ऐकायला आता तुम्ही नाही याचं मला फार वाईट वाटतं.

आता नवीन ऐका. तुमचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सोमी आली. तुमचे भाऊ आणि जाऊबाई मला आणि शकूला नागपूरला न्यायला आले आहेत, सामानाची बांधाबांध चालली होती. सोमी कुडाबाहेर उभी राहिली, पदराखाली तान्ही लेक. आधी थोडं रडली. मग म्हणाली, "नदीच्या पल्याड माय निघाली हाय, बाई. पोरीले टोचाचं हाय. नवा डाक्टर आला म्हनतेत, पन मी त्याले ओळखत नाई. तुमी बसान काय पोरीजवळ?"

मी तिला ओट्यावर बसवलं. तुम्ही जे कधी विचारलं नसतंत ते मी विचारलं, माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. म्हटलं, "सोमी, तेव्हा डॉक्टरनं सुकरूला जबरीनं टोचलं असतं तर?"

तिने लेकीचे पाय पदरात गुंडाळले. "टोचलं असतं त सुकरू रायला असता," ती म्हणाली. "पन मंग मी ह्या पोरीले घेऊन इथी आली नसती. जंगलात पळाली असती."

तुम्ही आणि मी इतकं भांडलो, आणि दोघांचंही बरोबर होतं, हे त्या बाईने एका दमात सांगितलं. सुकरूची किंमत देऊन बरोबर ठरण्यात कसला आनंद, असं तुम्ही म्हणाला असता. मीही तेच म्हणते. पण ती आली, अहो. आपण होऊन आली.

नवे डॉक्टर तरुण आहेत, वाईट नाहीत. सोमीला बघून मला म्हणाले, "यांना सांगा, लशीनं काही होत नसतं." मी म्हटलं, तसं सांगू नका. ताप येईल ते सांगा, हात सुजला तर काय करायचं ते सांगा, आणि हात बघायला तुम्ही कधी येणार ते सांगा. ते माझ्याकडे बघतच राहिले. विधवा बाई, तेरावं कालच झालेलं, आणि दवाखान्यात उभी राहून डॉक्टरला शिकवते. पण त्यांनी सगळं सांगितलं, चक्री उकळली, टोचलं, आणि घरी येऊन हात बघायचं कबूल केलं.

सोमी आणि तिची लेक आपल्या घरी आहेत. नागपूरला जाणं मी पुढे ढकललं. तुमचे भाऊ कुरकुरले. जाऊबाई म्हणाल्या, "सुतक फिटलं, आता तरी वरणाला फोडणी घाल. दुःख किती दिवस धरून बसशील?" मी म्हटलं, हे दुःखाचं नाही, घरात टोचलेलं लेकरू आहे, माय उठेपर्यंत फोडणी नाही. त्यांना वाटलं असेल, जंगलात राहून हिचं डोकं फिरलं. वाटू दे.

पोरीला ताप येऊन गेला. आज डॉक्टर कबूल केल्याप्रमाणे आले, बघितलं, ठीक आहे म्हणाले. ते गेल्यावर सोमीने पोरीचा दंड माझ्यापुढे केला. मी काही डॉक्टर नाही. तरी खिडकीशी नेऊन बघितला आणि म्हटलं, "लागली." तुमच्या तेराव्याला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं, सगळे मला दगड म्हणत होते. आता मात्र मला रडू आवरेना. सोमीने पोरगी माझ्या मांडीवर दिली, पदर खोचला आणि माझ्या स्वयंपाकघरात जाऊन चुलीवरचं बिनफोडणीचं वरण उतरवलं. जाऊबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी बाजूला होऊन तिला वाट दिली.